टोकियोत गिटारचा भाव करावा का?

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षं गिटार शिकतोय. आता त्याला इलेक्ट्रिक गिटार हवी आहे. ऑफिसच्या कामासाठी मी दोन आठवडे टोकियोला जाणार आहे, तर तिथूनच घेऊन ये असा त्याचा हट्ट. तुळशीबागेत भाव करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. पण जपानमध्ये भाव केलेला चालतो का, की हसं होईल? आणखी एक कोडं आहे. लंडनला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने तिथल्या तीन दुकानांत एकाच गिटारची चौकशी केली, तर पौंडाचाही फरक निघाला नाही. हे सगळे आतून एकमेकांना मिळालेले असतात का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी लंडनचं कोडं सोडवू, कारण टोकियोत तोंड कुठे उघडायचं हे त्यावरूनच ठरेल.

तुमची शंका अगदीच निराधार नाही, फक्त बोट चुकीच्या माणसाकडे गेलंय. वाद्यांच्या बाजारात संगनमत झाल्याचं ब्रिटनमध्ये सिद्ध झालेलं आहे; पण ते दुकानदारा-दुकानदारांतलं असण्यापेक्षा कंपनी आणि दुकानदार यांच्यातलं होतं. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सीएमए ही तिथली सरकारी यंत्रणा. तिने जानेवारी 2020 मध्ये फेंडर या नामांकित गिटार कंपनीच्या युरोपातल्या शाखेला 45 लाख पौंडांचा दंड केला. 2013 ते 2018 या काळात, आमच्या गिटारी ऑनलाइन विकताना ठरावीक किमतीच्या खाली उतरायचं नाही, असं कंपनीने दुकानांना बजावून ठेवलं होतं. त्याआधी 2019 मध्ये कॅसिओला डिजिटल पियानोंच्या बाबतीत 37 लाखांचा दंड झाला होता. 2020 च्या जूनमध्ये रोलंड आणि कॉर्ग या वाद्य कंपन्यांची पाळी आली : एकाला सुमारे 40 लाख, दुसऱ्याला सुमारे 15 लाख. कोण किती किमतीला विकतंय यावर कंपन्या संगणकावरून नजर ठेवत होत्या. एखाद्याने किंमत उतरवली की शेजारचा दुकानदारच कंपनीकडे चुगली करायचा, असंही तपासात निघालं. फेंडरच्या बाबतीत तर अधिकारी झडतीला आले तेव्हा एका वरिष्ठ कर्मचाऱ्याने दहा वह्या दडवल्या. त्या लपवाछपवीबद्दल कंपनीला 25,000 पौंड वेगळे मोजावे लागले.

म्हणून आज तुमच्या भावाला दिसलेल्या किमतीमागेही कुणाचा दट्ट्या आहेच, असं मात्र म्हणता येणार नाही. दुकानदार रोज एकमेकांची संकेतस्थळं उघडून बसलेले असतात, आणि ‘दुसरीकडे स्वस्त मिळाली तर आम्हीही तेवढ्यालाच देऊ’ अशी हमी अनेक जण देतात. धाक नसला तरी किंमत आपोआप एका रेषेत येते. नव्या गिटारीवर तिथे चार पौंडांसाठी वाद घालण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत याच गोष्टीला कायदेशीर वाट आहे. तिथे कंपन्या ‘मॅप’ नावाची किंमत ठरवून देतात. म्हणजे जाहिरातीत यापेक्षा कमी आकडा छापायचा नाही. बारकावा असा, की बंधन जाहिरातीवर आहे, विक्रीवर नाही. त्यामुळे संकेतस्थळावर सगळीकडे सारखाच आकडा दिसतो. पण दुकानात जाऊन किंवा फोन करून ‘तुमची शेवटची किंमत काय?’ असं विचारलं तर पुष्कळदा तो खाली येतो. अमेरिकेत असलेल्या आपल्या माणसांपैकी फार थोडे हे विचारतात. संकोच वाटत असावा. तिथल्या टॅगवर विक्रीकर धरलेला नसतो आणि तो राज्यागणिक बदलतो, हेही हिशेबात घ्यायला हवं. ओरेगन, डेलावेअर, न्यू हॅम्पशायर, मोंटाना इथे राज्याचा विक्रीकर नाहीच.

आता टोकियो. गिटार म्हटलं की तिथे लोक ओचानोमिझूला जातात. जेआर चुओ मार्गावरच्या ओचानोमिझू स्थानकातून बाहेर पडलं की मेइजी विद्यापीठावरून उतरणारा मेइदाइ-दोरी नावाचा रस्ता लागतो. त्याच्या दोन्ही अंगांना आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत वाद्यांची दुकानं एकाला एक खेटून आहेत. अरुंद, उभ्या इमारती. बऱ्याच ठिकाणी खाली नवा आणि स्वस्त माल असतो आणि वर चढत जाल तशा जुन्या, महाग गिटारी भेटतात. उतार संपला की जिंबोचो, म्हणजे टोकियोचा पुस्तकांचा मोहल्ला.

या दोन शेजाऱ्यांत एक मजेशीर फरक आहे. जपानच्या स्पर्धा कायद्यात नवी पुस्तकं, मासिकं, वर्तमानपत्रं आणि संगीताच्या सीडी यांना खास सवलत आहे : प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीलाच विक्री झाली पाहिजे असा आग्रह तो धरू शकतो. गिटारीला ही सवलत नाही. म्हणजे खाली नव्या कादंबरीवर सूट मागितलीत तर दुकानदाराचे हात बांधलेले आहेत, वर गिटारीवर मागितलीत तर ते मोकळे आहेत. पुष्कळ गिटारींना कंपनीने ठरवलेली छापील किंमतच नसते, दुकानदार स्वतः ठरवतो.

तरीही हात मोकळे असलेला तो माणूस तुम्हाला सहसा सूट देणार नाही, निदान नव्या गिटारीवर. त्याचं कारण कायद्यात नाही, रस्त्यात आहे. समोरच्या आणि शेजारच्या दुकानात तीच गिटार टांगलेली असताना चढी किंमत लावून नंतर उतरवण्याचा खेळ चालत नाही. तुळशीबागेत सांगितलेली किंमत ही बोलण्यांची सुरुवात असते, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. ओचानोमिझूत टॅगवरचा आकडा म्हणजे बोलणी संपल्यानंतरचा आकडा. ‘निम्म्यात द्या’ म्हणालात तर हसं होणार नाही, जपानी माणूस तोंडावर हसत नाही; पण तो मान किंचित तिरकी करेल, ‘चोत्तो…’ एवढंच म्हणेल आणि वाक्य अर्धं सोडेल. तो नकार समजायचा आणि पुन्हा तेच विचारायचं नाही. हाराजुकूत फेंडरने 2023 मध्ये स्वतःचं मोठं दालन उघडलंय, तिथे तर हा प्रयत्नही करू नका. बघायला मात्र जरूर जा.

मग तुमची कला वायाच जायची का? तसं नाही. किमतीऐवजी सोबतच्या वस्तूंवर बोला. भाजीवाली जुडीचे पैसे सोडत नाही, पण मिरच्या-कोथिंबीर वर टाकते, तशी रीत जपानमध्येही आहे. वर दिलेल्या वस्तूला तिथे ‘ओमाके’ म्हणतात. तारांचे एक-दोन जास्तीचे सेट, चांगला पट्टा, पातळ पिशवीऐवजी जाड कव्हर हे सगळं मागण्याजोगं आहे. सगळ्यात मोलाचं म्हणजे गिटार नीट बसवून द्या, अशी विनंती : तारांची उंची, नेकचा बाक, सुरांची जुळणी. मुलगा कोणत्या जाडीच्या तारा वापरतो ते आधी विचारून ठेवा आणि त्याच तारा चढवून मागा. शांतपणे, एकदाच आणि पैसे देण्याच्या आधी. या कामाचे पुण्यात वेगळे पैसे पडतात.

खरा वाव आहे तो वापरलेल्या गिटारींत, आणि जपानला जाऊन तीच घ्यावी असं माझं मत आहे. एक तर नवशिक्यांसाठीच्या बहुतेक जपानी ब्रँडच्या गिटारी आता जपानमध्ये बनत नाहीत. इंडोनेशिया आणि चीन तर आहेतच, यामाहाचा कारखाना चेन्नईतही आहे. तसली गिटार टोकियोहून वाहून आणणं म्हणजे हमालीच. दुसरं, जपानमध्ये वापरलेली वस्तू जपून ठेवलेली असते आणि दुकानदार तिच्याबद्दल खरं लिहितो.

त्या टॅगकडे जरा निरखून पाहा. ‘चुको’ म्हणजे वापरलेली. त्याखाली अंदाजे साल, मग वजन किलोमध्ये, दशांश चिन्हाच्या पुढच्या आकड्यांसकट. मग फ्रेटचा, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचा, हिशेब : इतके भाग शिल्लक. नव्या फ्रेटची उंची दहा भाग धरली तर घासून घासून आता किती उरली आहे, तेवढं तो सांगतो. आठ म्हणजे उत्तम. पाचाच्या आसपास असेल तर काही वर्षांत फ्रेट बदलावे लागतील आणि तो खर्च मोठा असतो. पुढे कुठे ओरखडा, कुठे डाग, कुठला भाग मूळचा नाही, सगळं लिहिलेलं. यात तुमच्या दृष्टीने एक अडचण आहे. वाकबगार गिऱ्हाईक खोट काढून भाव पाडतं, आणि इथे दुकानदाराने सगळ्या खोटी आधीच लिहून त्यांचे पैसे वजा करून ठेवलेले. ‘हा बघा ओरखडा’ म्हणालात तर तो नम्रपणे टॅगवरच्या ओळीवर बोट ठेवेल.

म्हणून टॅगवर नसलेली गोष्ट शोधायची. गिटार भिंतीवरून स्वतः उतरवू नका, तिथे ते गैर मानतात. वाजवून बघायची आहे असं सांगितलं की तो स्वतः काढून, सुरात लावून, अँपला जोडून देईल. मुलाला व्हिडिओ कॉलवर घ्या. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवून बघा, कुठे खरखर येते का. आवाजाच्या खुंट्या फिरवताना करकर होते का. आणि जिथे मान संपून डोकं सुरू होतं, त्या वळणावर मागच्या बाजूला बारीक रेघ दिसते का. गिब्सन धाटणीच्या गिटारी पडल्या की तिथेच मोडतात. जोडलेली गिटार वाजते छान, पण तिची किंमत पार उतरते. टॅगवर नसलेलं असं काही सापडलं, किंवा ती गिटार बरेच दिवस पडून आहे असं दिसलं, की मग विचारा : ‘सुकोशी यासुकु नारिमासु का?’ थोडं कमी होईल का, बस. आकडा त्याला सांगू दे. कॅल्क्युलेटरवर त्याने जो दाखवला तो पटला तर घ्या, नाही तर आभार मानून पुढच्या दुकानात.

एका गोष्टीसाठी मात्र जादा पैसे देऊ नका. सत्तरच्या दशकातली जपानी गिटार दाखवताना काही विक्रेते, विशेषतः ऑनलाइनवाले, ती ‘लॉसूट’ म्हणजे खटल्याच्या काळातली आहे असं कानात सांगितल्यासारखं सांगतात. त्यामागची गोष्ट एवढीच, की गिब्सनची मालकी तेव्हा नॉर्लिन कंपनीकडे होती आणि तिने 1977 मध्ये अमेरिकेत आयबानेझ या जपानी ब्रँडच्या वितरकावर दावा लावला. तक्रार होती गिब्सनची नक्कल केलेल्या गिटारीच्या डोक्याच्या आकाराची. 1978 मध्ये प्रकरण आपसात मिटलं. आयबानेझने तो आकार दाव्याच्या आधीच बदलायला घेतला होता. दावा एकाच ब्रँडवर होता, पण ग्रेको असो की टोकाई, त्या काळातल्या प्रत्येक नकलेला आज हे बिरुद चिकटवून भाव चढवतात. त्या गिटारींतल्या काही खरोखर अप्रतिम आहेत, काही अगदीच सुमार. हातात घेऊन ठरवा, गोष्टीवरून नको. त्यापेक्षा 1982 मध्ये सुरू झालेल्या फेंडर जपानच्या, मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात बनलेल्या पहिल्या काही वर्षांच्या गिटारी बघा. ‘जेव्ही’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकांना मान आहे तो कारागिरीमुळे. अर्थात हे दुकानदारालाही पाठ असतं, तिथे स्वस्ताई नाही.

आता पैशांकडे येऊ. भाव करून तुम्ही टोकियोत जेवढं वाचवाल त्याहून जास्त करात वाचेल किंवा जाईल.

जपानमध्ये उपभोग कर 10 टक्के आहे आणि एप्रिल 2021 पासून टॅगवर करासकट किंमत लिहिणं सक्तीचं आहे. थोड्या दिवसांसाठी आलेल्या परदेशी पाहुण्याला, करमुक्त विक्रीचा परवाना असलेल्या दुकानात, एका दिवसात किमान 5,000 येनची खरेदी केली तर हा कर माफ होतो. पासपोर्ट दाखवावा लागतो, झेरॉक्स चालत नाही. हिशेब असा : टॅगवरच्या आकड्याला 11 ने भागलं की त्यातला कर निघतो. 1,65,000 येनची गिटार असेल तर कर 15,000, म्हणजे तुमची खरी किंमत 1,50,000. बोलणी करताना हा आकडा डोक्यात ठेवा. अनेकांना दुकानदाराने करमाफीलाच सूट म्हटल्यासारखं वाटतं आणि ते खूश होऊन बाहेर पडतात. ती सूट सरकारची, दुकानदाराची वेगळी मागा. 1 नोव्हेंबर 2026 पासून पद्धत बदलते आहे : दुकानात करासकट पूर्ण पैसे द्यायचे, विमानतळावर कस्टम्सला वस्तू दाखवायची आणि मग परतावा मिळवायचा. तुमचा प्रवास त्यानंतर असेल तर गिटार सामानात टाकण्याआधी ही पायरी विसरू नका.

कार्डाने पैसे देताना यंत्र विचारेल, रुपयांत घेऊ की येनमध्ये? येनच म्हणा. रुपयांत दाखवलेला दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो. परकीय चलनाच्या व्यवहारावर तुमची बँक किती टक्के लावते तेही आधी विचारून ठेवा. ओमाकेत मिळालेला पट्टा तिथेच फिटून जातो.

आणि मग मुंबई विमानतळ. परदेशातून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला ठरावीक किमतीपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय आणता येतात. 2016 च्या बॅगेज नियमांत ही मर्यादा 50,000 रुपये होती, आणि तिच्या वरच्या रकमेवर अधिभारासह 38.5 टक्के शुल्क. हे आकडे बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात सीबीआयसी या सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावरचा ताजा आकडा लिहून घ्या. येन 60 पैसे धरला तर आपली गिटार 90,000 रुपयांना पडली. मर्यादा 50,000 धरली तर वरच्या 40,000 वर 15,400 रुपये शुल्क. मर्यादा 75,000 धरली तर 5,775. जपानने माफ केलेला कर या हिशेबात 9,000 रुपयांचा होता. म्हणजे पहिल्या हिशेबात टोकियोत वाचलेलं सगळं विमानतळावर गेलं आणि वर सहा हजारांवर गेले. बरोबर नवरा किंवा मैत्रीण असली तरी दोघांची मर्यादा एका वस्तूवर एकत्र धरत नाहीत. दुकानदाराला पावतीवर कमी रक्कम टाकायला सांगू नका. तो टाकणार नाही आणि तुमची जी थोडी पत तयार झाली असेल ती जाईल.

म्हणूनच मी म्हणतो, की पुण्यात किंवा मुंबईत धोबी तलावला असलेल्या, 1865 मध्ये सुरू झालेल्या फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानात तेच मॉडेल केवढ्याला आहे ते निघण्याआधी विचारून कागदावर लिहा. इथे मिळणारी नवी गिटार तिथून आणू नका. इथे न मिळणारी जुनी जपानी गिटार सापडली तर मात्र सोडू नका.

दोन गोष्टी पटकन. अँप आणू नका : जपानची वीज 100 व्होल्टची आहे, आपली 230 ची. गिटारीला वीज लागत नाही, अँपला लागते. आणि खूप जुनी अकूस्टिक कुणी दाखवली व लाकूड ब्राझिलियन रोझवूड असल्याचं सांगितलं, तर परवाना मागा. त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 पासून कडक बंदी आहे. आपलं शिसव त्याच्याच कुळातलं, पण तयार वाद्यांत असेल तर 2019 पासून त्याला सूट आहे.

पत्रात एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : मुलगा डावखुरा तर नाही ना? असेल तर वरचं निम्मं बाजूला ठेवा, कारण तशा गिटारी बहुतेक दुकानांत एक-दोनच टांगलेल्या असतात. ओचानोमिझूतलं तानिगुची गाक्की हे दुकान डावखुऱ्यांच्या गिटारींसाठी नावाजलेलं आहे. सुरुवात तिथूनच करा.